डाकिणीच्या झाडाचा महू

"तू उद्या उभी राहणार नाहीस, माय."

"राहसू."

"नाही राहणार. मी सांगतेय तुला."

"सांग. ऐकी राहिनी मी. ऐकीसन उभी राहसू."

सोनलने खांद्यावरची पर्स कॉटवर फेकली. झेरॉक्सच्या दुकानातून ती आज दुपारीच निघून आली होती. मालकाला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. समोर तिची आई, सुगंधाबाई, मोरीच्या कठड्यावर बसून तळहातांना गोडेतेल चोळत होती. दोंडाईच्याच्या माळावर लाल मिरची वाळत घालतात, त्याला पथारी म्हणतात. त्या पथारीवर सकाळपासून देठ खुडले की हात असे पेटतात, की घरी आल्यावर आधी तेल, मग पाणी, मग माणसं.

"बरं, उभी राहून म्हणशील काय? मी डाकीण आहे?"

"मी डाकीण शे, असं नही. माले डाकीण केलं, असं."

"लोक पहिलं अर्धं ऐकतात, माय. दुसऱ्या अर्ध्याला कोणी थांबत नाही."

"मंग दुसरं अर्धं पहिले सांगसू."

"चेष्टा करू नको."

"चेष्टा तर तो करी गया. बठ्ठ्या मंडळीसमोर. माईक धरीसन."

सोनल तिच्या पुढ्यात उकिडवी बसली. आवाज खाली आणला. लहानपणी खाऊसाठी हट्ट करताना आणायची, तसा. "पुढच्या महिन्यात पास्टर आपल्याकडे येतायत. त्यांच्या मुलासाठी, योगेंद्रसाठी, लग्नाची तारीख धरायला. तुला माहितीये. तो म्हातारा उद्या पाण्यात उतरेल, बाप्तिस्मा घेईल, मुलीच्या घरी जाऊन जेवेल. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की परत डोंगरात. मिटलं."

"तुझं मिटलं."

"तक्रारच करायचीये ना तुला? चल पोलिसात. आता कायदा आहे त्याला. मी येते."

सुगंधाबाईने तेलाची वाटी बाजूला सारली. "पोलीस हालेलूया नही म्हणले. मंडळी म्हणली. जिथं म्हणली, तिथंच माले ती परत पाहिजे."

सोनलने तेलाची वाटी उचलून फळीवर ठेवली. गेल्या रविवारी सगळ्यांबरोबर तीही म्हणाली होती.

त्या रविवारी झालं होतं ते असं. दोंडाईच्यात स्टेशनच्या पलीकडे पत्र्याच्या एका मोठ्या शेडमध्ये दीपक पास्टरांची मंडळी भरते. उजवीकडे पुरुषांच्या सतरंज्या, डावीकडे बायकांच्या. गाणी झाली की वचन सुरू व्हायच्या आधी साक्ष. देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. कोणाची दारू सुटलेली असते, कोणाची सून नांदायला परत आलेली असते. सांगणाऱ्याचं संपलं की सगळे हात वर करून म्हणतात, हालेलूया.

सुगंधाबाईनेही साक्ष दिलेली होती, दर वर्षी देते. मी फार दुःखात होते, प्रभूने मला बरं केलं. संपलं. कसलं दुःख, कुठलं, कोणी दिलं, काही नाही. पथारीवर शेजारी बसून मिरच्या खुडणारी तिची जोडीदारीण बेबाबाई तिला म्हणायची, "तुनी साक्ष म्हणजे बिनमिठाची भाजी. पोट भरतं, पण सांगता येत नही काय खाल्लं."

त्या रविवारी पुरुषांच्या बाजूने एक म्हातारा उठला. डोळ्यावर ऑपरेशनचा काळा चष्मा, अंगात जावयाचा असावा असा ढगळ शर्ट. नाव सांगितलं वेस्ता, शिरपूरच्या वर सातपुड्यात पाडा. मुलगी-जावई मंडळीत येतात, डोळ्यांच्या उपचारासाठी त्यांच्याकडे आलोय, इथे येऊन प्रभू कळला, बाप्तिस्मा घ्यायचाय. मग त्याने माईक तोंडाला लावला.

"मना घरमा डाकीण व्हती. सख्ख्या भावाची बायको. भाऊ मरना, आन् मंग तिनं माझं पोऱ्या खाल्लं. मी तिले धरं, डागं, गावबाहेर काढं. तवा माले प्रभू माहीत नव्हता, पण प्रभू माझ्या बाजूनं व्हता. त्या साली महू दुप्पट व्हयना. माझी झाडं व्हतीच, भावाची बी वेचली. सैतानाच्या हातून सोडवलं माले."

"हालेलूया," मंडळी म्हणाली.

सुगंधाबाईही म्हणाली. तोंडाला सवय होती, त्याने कानांची वाट पाहिली नाही. शब्द बाहेर पडून गेला आणि मग तिला कळलं आपण कशाला हो म्हटलं. पदराचा बोळा तोंडात धरून ती बसून राहिली. शेजारी बेबाबाईला वाटलं, हिला आत्म्याने स्पर्श केला.

घरी आल्यावर तिने कपाळावरचा पदर मागे घेतला आणि सोनलला पहिल्यांदा खरं सांगितलं. भुवईच्या वर आडवा, बोटभर रुंद, चकचकीत डाग. तोवर सोनलला तो विळीवर पडल्याचा माहीत होता.

सोनल पोटात होती, तेव्हाच सोनलचा बाप लखन गेला. पाड्यावर जमिनीसारखीच महूची, म्हणजे मोहाची, झाडंही घराघरांत वाटलेली असतात. हे याचं, ते त्याचं. लखनच्या वाटणीची झाडं नाल्याच्या काठाला होती, सगळ्यांत भरदार. चैतात खाली फुलांचा सडा पडायचा. मोठा भाऊ वेस्ता म्हणायचा, एकटी बाई एवढं वेचून काय करणार. सुगंधा म्हणायची, वेचीन. सोनल अंगावर पीत होती, तेव्हा वेस्ताच्या मुलाला ताप आला. सुगंधाने त्याला पेज पाजली आणि वेस्ताच्या पाया पडून सांगितलं, याला शिरपूरला दवाखान्यात ने. त्याने नेलं नाही. पोरगं गेलं. पाड्यावरच्या भगताने, म्हणजे बडव्याने, सुपात दाणे टाकून पाहिलं आणि सांगितलं, घरातलीच आहे. नाव बडव्याने घेतलं नव्हतं. नाव वेस्ताने घेतलं.

तिला खांबाला बांधून मिरचीची धुरी दिली. मग विळा तापवून कपाळाला लावला, म्हणजे जिथे जाईल तिथे ओळखू यावी. ती लग्न होऊन आली तेव्हा त्याच पाड्याच्या टोकाला एक म्हातारी राहायची, तिलाही डाकीण ठरवलेलं. तिच्या दारातला आंबा लगडून यायचा आणि सगळा खाली पडून सडायचा. एक पोर हात लावत नसे, बकरी गेली तर दगड मारून वळवत. डाकिणीच्या झाडाचं जो खाईल त्याचं आतडं गळतं, असं सगळे मानत. सुगंधाही मानायची. आता त्या म्हातारीच्या जागी तीच होती. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर सोनलला छातीशी बांधून ती जंगलाच्या वाटेने डांबरी सडकेवर आली. मिरचीच्या एका ट्रकने तिला दोंडाईच्याला सोडलं.

पथारी तिला बरी वाटली. तिथे सगळ्याच बायका खाटीमुळे, त्या तिखट धुळीमुळे, तोंडं बांधून बसतात, फक्त डोळे उघडे. कोणी विचारत नाही, कपाळ का झाकलंस. धुरीने जाळलेली बाई मिरचीतच पोट भरते, याचं तिला हसूही यायचं कधी. ती बसायची आणि देठ खुडायची. मिरचीचा प्रत्येक देठ वेस्ताची मान होता. बोटाने दाबायचा, कट करून मोडायचा, टोपलीत टाकायचा. बाकीच्या बायकांपेक्षा तिची टोपली नेहमी आधी भरायची. मुकादम म्हणायचा, सोनलच्या मायचा हात काय चालतो. कशाच्या जोरावर चालतो हे त्याला माहीत असतं तर बापडा लांब उभा राहिला असता.

मंडळीत तिला बेबाबाईने नेलं. पहिल्या दिवशी ती दाराजवळ बसली होती, पाय काढता घ्यायला सोपं म्हणून. पास्टर सांगत होते, प्रभू गावोगाव फिरायचा, आजाऱ्यांना बरं करायचा, आणि शहाणीसुरती माणसं म्हणायची, याच्या अंगात भूत आहे. घरचीही म्हणायची, याचं डोकं फिरलंय, धरून आणा. सुगंधाबाई ताठ झाली. परतताना रस्त्यात तिने बेबाबाईचा दंड धरला.

"त्याले बी म्हणे?"

"काय?"

"अंगात शे म्हणून. त्याले बी म्हणे लोक?"

"म्हणे ना. पुढं मारं बी."

"आन् तो?"

"तो काय. तिसऱ्या दिवशी उठना."

सुगंधाबाई पुढच्या रविवारी पुन्हा गेली. दुसऱ्या बायका बऱ्या व्हायला जायच्या, ती त्याच्या बदनामीची गोष्ट ऐकायला जायची. देवाला आपल्यासारखंच नाव ठेवलेलं होतं, हे तिला इतकं आपलं वाटलं, की रात्री निजताना ती त्याच्याशी नणंद-भावजय बोलतात तसं बोलायची. आज काय म्हणे लोक तुले? बोल ना. माले तर कोणी काही म्हणलं नही, कोणाले माहीतच नही.

आणि एक प्रार्थना ती रोज करायची, जी तिने बेबाबाईलाही सांगितली नव्हती; सोनललाही ती त्या रविवारीच कळली. प्रभू, वेस्ताला मारू नको. काही व्हायला देऊ नको त्याला. म्हातारा होईपर्यंत ठेव, धडधाकट ठेव, आणि एकदा माझ्यासमोर आण. त्याच्या सख्ख्या मुलीनेही त्याच्या आयुष्यासाठी एवढं मागितलं नसेल.

"म्हणजे प्रभूने आणला," सोनल आता म्हणाली. ती अजून उकिडवीच बसली होती. "तुझ्या प्रार्थनेनेच आणला. मग आता क्षमा कर. प्रभू तेच सांगतो ना?"

"सांगतो."

"मग?"

"बेटा, तो उठना तवा त्याच्या हाताची भोकं बुजेल व्हती का?"

सोनलची नजर आईच्या तेलकट तळहातांवर गेली.

"देव व्हता तो. मरेल उठू शकतो, त्याले दोन भोकं बुजावता येत नव्हती? पण नही बुजावली. चेल्यांसमोर गया आन् हात पुढं केले. देखा म्हणे. एकाले तर म्हणे बोट घाल. आन् मी? मी पदर कपाळावर ओढीसन त्याच्याच घरी बसते. त्याले काय वाटत असेल, मी त्याची कोण?"

"त्याने सूड घ्यायला नाही दाखवले हात."

"मी कुठं म्हणते मी सूड नही घेसू? घेसू. त्याचं तोंड पडेल ते माले देखनं शे. पण खोटं बोलीसन नही घेनार. हे एवढं मी त्याच्याकडून शिकली, बाकीचं अजून शिकायचं शे."

सोनल उठली. आईकडे पाठ करून तिने भाकरीचं पीठ काढलं आणि परातीत पाणी जरा जास्तच ओतलं. "योगेंद्रने नाही म्हटलं तर?"

"मंग बरं व्हयनं ना, आधीच कळलं."

"तुझ्यासाठी सोपं आहे."

"नही," सुगंधाबाई म्हणाली. "सोपं नही."

रविवारी शेडच्या मागे सिमेंटचा हौद काठोकाठ भरला होता. बाप्तिस्म्याला आलेली तिघं-चौघं पांढरे कपडे घालून पुढे बसली होती, त्यांत वेस्ता. बेबाबाईला वाटेतच सगळं सांगून झालं होतं. ती ऐकून रस्त्यातच उभी राहिली होती, मग म्हणाली, "चटणी कर त्याची. मी मागं बसते. तू पडली तर धरसू. तो पडला तर नही."

सोनल आईच्या बाजूला बसली. दोघी सकाळपासून एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

दीपक पास्टर चांगला माणूस. घसा बसेपर्यंत गातो, रात्री-अपरात्री कोणाच्या आजारपणाला मोटारसायकल काढतो. त्यांनी वेस्ताच्या खांद्यावर हात ठेवला. "वेस्ताबाबा, पाण्यात उतरण्याआधी जुनं जीवन मंडळीला सांगायचं. आणि मग मी विचारणार, कोणाच्या मनात या भावाबद्दल काही आहे का. आपली रीत आहे. सांगा."

वेस्ताने सांगितलं. या वेळी जास्त रंगवून, कारण गेल्या वेळी लोकांना आवडलं होतं. डाकिणीचे केस मोकळे होते, डोळे लाल होते. धुरीने लाल झाले होते, हे त्याने सांगितलं नाही. बायका चुकचुकल्या. पास्टर म्हणाले, "कोणाच्या मनात काही आहे?"

हे विचारल्यावर आजवर कोणी उठलं नव्हतं. पास्टर श्वास घेऊन पुढचं बोलायला लागलेही होते.

"माझ्या शे," सुगंधाबाई म्हणाली आणि उभी राहिली.

"सोनलची माय? साक्ष आहे का? साक्ष नंतर घेऊ."

"साक्षच शे. आत्ताची शे."

तिने पदर मागे घेतला, डोक्यावरून पार खांद्यावर. पत्र्याच्या फटीतून ऊन येत होतं, ते नेमकं कपाळावर आलं. शेडमध्ये कोणाचंतरी मूल रडत होतं, तेवढाच आवाज.

"जेठ, ओळखलं का?"

वेस्ताने मान वाकडी केली. काळ्या चष्म्यातून त्याला आकृती दिसत असावी. पण आवाज पोहोचला. हातातला माईक खाली आला आणि एक शिट्टी वाजली.

"लखनची?"

"लखनची. नाव बी व्हतं माले. सुगंधा. मीच ती, जिच्यासाठी तुम्ही बठ्ठे हालेलूया म्हणले." हे ती मंडळीला म्हणाली. मग पुन्हा त्याच्याकडे वळली. "तुझ्या पोऱ्याले ताप व्हता. पेज कोणी पाजली?"

"तू."

"दवाखान्यात ने म्हणीसन तुझ्या पाया कोण पडं?"

"तू." मग घाईने, "पण बडव्यानं सांगं. आम्ही अडाणी मानसं, जंगलातली. मानत व्हतो. बठ्ठेच मानत व्हते."

पुरुषांच्या बाजूने माना हलल्या. पास्टरांचा चेहरा सैल झाला. "अंधार होता, माय," ते मऊ आवाजात म्हणाले. "माहीत नव्हतं त्यांना. अज्ञानात झालं."

सुगंधाबाईने ऐकून घेतलं. घाई केली नाही. देठ दाबून मोडायच्या आधी ती एक क्षण धरायची, तशी थांबली.

"मानत व्हता?"

"मानत व्हतो. देवाशप्पथ."

"डाकिणीच्या झाडाखालचं कोणी उचलतं का, जेठ?"

मागून एका डोंगरातल्याच म्हाताऱ्याने, सवयीने, उत्तर दिलं, "नही. कोणीच नही उचलत."

"बकरी बी जाऊ देत नहीत," दुसरा कोणी म्हणाला.

"मंग त्या साली माझा महू कोणी वेचला? तूच सांगं, याच माईकवर. दुप्पट व्हयना म्हणे. भावाचा बी वेचला म्हणे. घरी आणला, वाळवला, पोरीले खाऊ घातला. डाकिणीचा महू. आतडं गळायची भीती नही वाटली? तुझी पोरगी इथंच बसेल शे, धडधाकट. तुले माहीत व्हतं, काही व्हनार नही. पहिल्यापासून माहीत व्हतं."

वेस्ताचे ओठ हलले. तो पुटपुटला, स्वतःशीच, पण माईक अजून हातात होता आणि चालू होता.

"माहीत व्हतं."

ते साऱ्या पत्र्यावर जाऊन आपटलं. त्याची मुलगी, बायकांच्या बाजूला पुढे बसलेली, दोन्ही हात तोंडावर धरून उठली आणि पुन्हा बसली. बेबाबाईने मागून हुंकार भरला, पथारीवर टोपली भरली की भरायची तसा. वेस्ता खाली बसला. पांढऱ्या पायजम्याला धूळ लागली. चष्मा सरकला. त्याखालून पाणी येत होतं, रडण्याचं की ऑपरेशनचं, कोणाला सांगता आलं नसतं.

"माफ कर माले, सुगंधा."

सुगंधाबाई बघत राहिली. इतकी वर्षं मागितलेलं समोर होतं. ते तिने डोळे भरून, अगदी चवीने पाहिलं.

कोणीतरी मागे "हाले..." म्हणायला लागलं आणि बाजूच्याने त्याला कोपराने ढोसलं. गेल्या रविवारची हालेलूया शेडमध्ये कुठेच उरली नव्हती. बायका सतरंजीकडे बघत होत्या.

पास्टर वेस्ताला उठवू लागले. त्यांचेही डोळे भरले होते आणि आवाजात सुटका होती. "बघा, देवाचं काम बघा. आज इथे दोन माणसं मोकळी झाली. सोनलची माय, तुम्ही यांना क्षमा केली असं मंडळीसमोर म्हणा. एकच शब्द. मग मी यांना पाण्यात उतरवतो." त्यांनी माईक तिच्यापुढे धरला. "सगळे थांबलेत, माय."

सगळे थांबले होते. हौदही थांबला होता, मागे, भरलेला.

सुगंधाबाईने माईककडे पाहिलं, हातात घेतला नाही.

"सोनल," पास्टर वळले, "तू सांग ना आईला."

सोनल उठून उभी राहिली. तिने योगेंद्रकडे पाहिलं नाही, तो की-बोर्डमागे बसून बोटं एका पट्टीवर ठेवून होता. ओढणी सारखी केली. "तिला विचारलंय, पास्टर," ती म्हणाली. "मला नाही."

सुगंधाबाई सतरंजीच्या कडेने निघाली. बेबाबाईने पाय आखडून वाट दिली. दाराशी चपलांचा ढीग होता, त्यातून तिने आपल्या शोधल्या, एक उलटी झालेली पायानेच सरळ केली.

"सोनलची माय," पास्टरांचा आवाज माईकमधून आला. "क्षमा केली ना? हो की नाही?"

बाहेर भर दुपारचं ऊन होतं, स्टेशनकडून माणसं येत होती. तिने पदर डोक्यावर घेतला नाही. हौदाला वळसा घालून ती रस्त्याला लागली.